तास

शाळेत पोरं उरली नाहीत,
तेव्हा शाळेमागचं अर्धा एकर म्हाताऱ्यांना मिळालं.
उपकेंद्रातली सिस्टर म्हणाली,
मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी आठ ते दहा.
ज्याला चालवतं त्यानं यावं,
ज्याला चालवत नाही त्याला आणावं.
प्रत्येकाला एक तास.

बाप शिंपी, मी कंडक्टर.
वावर मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं.
एक तास म्हटल्यावर मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं
आणि अख्खा धुरा हसला.
ओळीला म्हणतात तास, साहेब,
डोमाजी भोयर म्हणाले,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
म्हणजे बारा पावलं लांब, दीड वीत रुंद,
सत्तराव्या वर्षी माझ्या नावावर जमीन आली.

सांबार कोणी लावायचा, बरबटी कोणी,
यात पहिले दोन शुक्रवार भांडणात गेले.
लच्छू कुमरेचे गुडघे वाकत नाहीत,
त्याच्यासाठी ट्रॅक्टरचे टायर रचून वर माती भरली.
तिथं तो उभ्यानं मेथी पेरतो
आणि मेथीशी गोंडीत बोलतो.
घरी आता ती बोली ऐकणारं कोणी नाही.
मेथी मात्र त्याचीच सगळ्यात आधी उगवली.

तुळसा दिवाळीनंतर गेली.
तिच्या तासाला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं.
पण वाल काही ऐकेना,
मांडव ओलांडून शाळेच्या खिडकीत शिरला,
शेंगा फळ्यापर्यंत लोंबल्या,
मग तोडाव्याच लागल्या.
भाजी सगळ्यांनी नेली. चवीबद्दल कोणी बोललं नाही.

माझं अक्षर बरं, म्हणून पाट्या माझ्याकडे.
तेलाच्या डब्यांची झाकणं, निळा रंग.
काय लिवलं? सरजाबाईनं विचारलं.
मी वाचलं : सरजाबाई लहानू नगराळे.
तिनं परत वाचायला लावलं.
मग तिसऱ्यांदा,
डोमाजींना ऐकू जाईल अशा बेतानं.

पन्नास वर्षं ती त्यांच्याच वावरात निंदायला जायची.
तिच्या पाठीचा बाक
त्यांच्या कपाशीच्या उंचीचा आहे.

पुढच्या शुक्रवारी आली,
तासाच्या कडेला पोतं अंथरलं, बसली,
खुरपं मांडीखाली सरकवलं
आणि तंबाखूला चुना लावत राहिली.
आजी, हात हलवा, सिस्टर म्हणाली, तेवढाच व्यायाम.
वावर माहं हाय, सरजाबाई म्हणाली.
आज सुट्टी देल्ली.
कोणाला?
मले.

नळीतून पाणी वाहत होतं, ते कोणी बंद केलं नाही.
डोमाजी आपल्या तासातून उठले,
कंबर धरून, एकेक सांधा विचारत,
आणि तिच्या तासात येऊन उकिडवे बसले.
हात कापत होते. गवत वरच्यावर तुटत होतं.
ती थोडा वेळ पाहत राहिली.
मुया राह्यते, डोमाजी. खोलून घे.

पाटील नाही, मालक नाही.
मी हजेरीच्या वहीत मान घातली.
हो, ते म्हणाले, आणि खोलून घेतलं,
इतकं खोलून की गवतासोबत
सांबाराचं एक रोप मुळासकट हातात आलं.
संध्याकाळच्याले पैसे कापीन, ती म्हणाली.

लच्छू टायरला टेकून हसला, खोकेपर्यंत.
डोमाजी हसले की नाही, ते मला दिसलं नाही,
ऊन डोळ्यावर होतं.
रोप मात्र त्यांनी परत लावलं,
बोटानं खड्डा करून, ओंजळीनं पाणी घालून,
आणि ते उभं राहीना
तर दोन काड्यांचा टेकू दिला.

दहा वाजता शाळेची घंटा मीच वाजवतो.
एकतीस वर्षांची सवय :
एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.
त्या दिवशी एकच दिला.
सरजाबाई अजून बसलेलीच होती.